सरांना शाल घातली

पैसे भरून शिव्या खायला जायचो आम्ही. रोज सकाळी भिंगारच्या एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर चाळिशी उलटलेल्या बायका आणि त्यांच्याहून सुटलेले पुरुष ओळीनं उभे राहायचो, आणि फौजेतला एक रिटायर हवालदार आमचा आईबापांसकट उद्धार करायचा. त्याला आम्ही सर म्हणायचो. लग्नसराईत लॉनवर आदल्या दिवशीच्या अक्षता, पाकळ्या, चेमटलेले कागदी ग्लास पडलेले असायचे. त्यावरच आमच्या उठाबशा. एकदा तर नवरानवरीच्या नावाची थर्माकोलची पाटी स्टेजवर तशीच होती आणि तिच्याखाली उभे राहून सर ओरडत होते, "पोट आत घ्या, पोट! वरातीतलं घोडं बरं तुमच्यापरीस!"

खरं म्हणजे बॅच आमची होती. लॉनवाल्याला पैसे आम्ही द्यायचो, सरांना आम्ही द्यायचो. सर ठेवलेले. पण तिथे उभं राहिल्यावर कोणाची छाती होत नव्हती हे म्हणायची. माणूस पारनेरकडचा, साठीला टेकलेला, अंगावर चरबीचा थेंब नाही, आणि आवाज असा की शेजारच्या बंगल्यातला कुत्रा गप्प बसायचा. सर कोणाला नावानं हाक मारायचे नाहीत. मेडिकल दुकानवाल्याला 'गोदाम' म्हणायचे. दोन जावा शेजारीशेजारी उभ्या राहायच्या, त्यांना 'डबल बेड'. फेरीत जो शेवटी यायचा त्यानं बेडूकउड्या मारायच्या आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही रीत. आम्ही वाजवायचो. हसायचो. शिवी दुसऱ्याला बसली की गंमत वाटते, त्यात काय लपवायचं?

मी गेले शुगरमुळे. भिंगारच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. सकाळी दुकान उघडलं की रात्रीपर्यंत त्या स्टुलावर. "वहिनी, यात मोरपंखी दाखवा. अहो हा नाही, जरा हिरव्याकडे जाणारा." पन्नाशी जवळ आली तसं स्टूल मला पुरेना. डॉक्टर म्हणाले, हालचाल करा नाहीतर गोळ्या सुरू करतो. म्हणून गेले, आणि खोटं कशाला सांगू, मला आवडलं. त्या एका तासात मला कोणी आई म्हणत नव्हतं, वहिनी म्हणत नव्हतं, मोरपंखी मागत नव्हतं. घाम यायचा, पाय दुखायचे, आणि स्कूटीवरून घरी येताना मी गाणं गुणगुणत यायचे. लग्नाआधी गुणगुणायचे, त्यानंतर तेव्हाच.

आता एक गोष्ट सांगते, ती बायकांना सांगायची गरज नाही आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही. दोन बाळंतपणं झालेली बाई उड्या मारायला लागली की तिचं अंग तिच्या ताब्यात राहत नाही. शिंक आली तरी धडकी भरते. त्यामुळे सर उड्यांकडे वळायला लागले की आमच्यातल्या एकेकीला फोन यायचा, एकेकीच्या बुटाची लेस सुटायची, आणि आम्ही सगळ्या कार्यालयाच्या बाथरूमच्या दारात ओळीनं उभ्या. कोणी कोणाशी त्याबद्दल चकार शब्द बोलायचं नाही. नुसतं बघायचं आणि सरकायचं. सरांना वाटायचं कामचोरी. एक दिवस त्यांनी घरून कुलूप आणलं आणि बाथरूमला ठोकलं.

"फौजेत मुतायला सुट्टी नसती," म्हणाले. "लघवी म्हंजी मनाचा खेळ हाय. मन घट्ट, समदं घट्ट."

पुरुष हसले. आमच्या बॅचमध्ये एक मुख्याध्यापिका बाई होत्या. नुसत्या डोळ्यांनी अख्खी शाळा गप्प करायच्या. मला वाटलं त्या तरी बोलतील. त्या खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसल्या. मी तरी कुठे बोलले म्हणा. काय बोलणार? कोणत्या तोंडानं?

थंडीचे दिवस होते. त्या सकाळी मी चहा पिऊन निघाले, तिथेच चुकलं. त्यात उशीर झाला, धावायला मागून सुरुवात केली आणि शेवटची आले. शिट्टी वाजली. बेडूकउड्या.

मी हळूच जाऊन म्हटलं, "सर, मला जरा जाऊन येऊ द्या."

"कुटं?"

"जरा जाऊन येते."

"कुटं जायचं न्हाई. उड्या मारा, आपोआप जिरंल."

मारल्या. पहिल्या दोन-तीन नीट गेल्या. मग जे व्हायचं ते झालं. दिवसभर रंग विकणारी बाई मी, आणि त्या दिवशी पँट घातली होती फिक्या राखाडी रंगाची. पाण्याचा एक ठिपका पडला तरी लांबून दिसतो तो रंग. मी तशीच उकिडवी बसून राहिले. उठले असते तर सगळ्यांना दिसलं असतं. तरी दिसलंच.

त्या माणसानं गप्प बसायला हवं होतं. नुसतं दुसरीकडे बघितलं असतं तरी मी आयुष्यभर पाया पडले असते. पण नाही.

"लॉनला पानी घालायला माळी हाय की मॅडम," सर म्हणाले. "तुमी कशापायी टँकर आनला?"

सगळे हसले. मेडिकलवाला तर मांडीवर थापा मारत खालीच बसला. दोघी जावा एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. मुख्याध्यापिका बाईंनी तोंडावर नॅपकिन धरला, पण खांदे हलत होते, ते काय नॅपकिननं झाकतात? मी एकेकाचं तोंड बघून ठेवलं. आणि देवाशप्पथ सांगते, मीसुद्धा हसले. तिथे दुसरं काही करता येत नव्हतं.

डिकीतली प्लॅस्टिकची पिशवी स्कूटीच्या सीटवर अंथरून घरी आले. नवऱ्याला सांगितलं. त्यानं पेपर बाजूला ठेवला, चांगला माणूस आहे तो, आणि मायेनं म्हणाला, "अगं, वयाप्रमाणे होतं असं. सोड तो क्लास. आपल्या गच्चीवर चाल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरांवर झाला नव्हता इतका. गच्चीवर! वाळत घातलेल्या चादरी चुकवत पाण्याच्या टाकीभोवती फिरायचं, मरेपर्यंत?

मी जायची बंद झाले, पण गोष्ट बंद झाली नाही. भिंगार केवढंसं. दुकानात बॅचमधली एक बाई फॉल घ्यायला आली आणि सगळा वेळ माझ्याकडे न बघता कपाटाकडे बघत बोलली. बॅचच्या ग्रुपवर कोणीतरी सकाळच्या शुभेच्छांबरोबर टँकरचं चित्र टाकलं. त्याखाली हसणारी तोंडंच तोंडं. नंतर मेडिकलवाल्याकडे गोळ्या आणायला गेले, कारण शुगर वाढली होती आणि डॉक्टरांनी शेवटी गोळ्या लिहूनच दिल्या होत्या, तर तो म्हणाला, "वहिनी, या की परत! सर रोज विचारतात, टँकर कुठाय म्हणून." त्याला वाटत होतं आपण मला बरं वाटेल असं बोलतोय.

मला माझी सकाळ परत हवी होती. आणि तो माणूस असेपर्यंत मी त्या गवतावर पाय ठेवू शकत नव्हते. म्हणजे दोघांतलं एकच कोणीतरी तिथे राहणार होतं, आणि मी ठरवलं, ती मी.

मुख्याध्यापिका बाईंच्या घरी गेले. त्यांनी पोहे केले. मी म्हटलं, "पोहे नंतर. तुम्ही हसलात."

"हसले," बाई म्हणाल्या. "आलं हसू. काय करू?"

"पुढच्या वेळी तुमचा नंबर लागेल तेव्हा मीही हसेन."

बाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी घरून निघताना कापडाची जाड घडी ठेवते. रोज. प्रार्थनेला उभं राहतानासुद्धा."

तेव्हा कुठे मी पोहे खाल्ले. मग प्रश्न आला, सरांना जा म्हणणार कोण? भिंगारात घराआड एक फौजी. गाव तोंडात शेण घालेल, देशासाठी लढलेल्या माणसाला हाकललं म्हणून. आणि समोर उभं राहून बोलायची कोणाची टाप होती?

मी म्हटलं, "हाकलायचं कशाला? सत्कार करू."

बाईंचा चेहरा असा उजळला की मला कळलं, बरोबर दुकानात आलेय मी. आमच्याकडे ही रीतच आहे. पतसंस्थेच्या चेअरमनची खुर्ची हवी असली की त्याचा षष्ट्यब्दीपूर्ती सोहळा करतात. मंडळातला म्हातारा कटकट करायला लागला की त्याला मार्गदर्शक करतात, हार घालतात, आणि पुढच्या बैठकीचा निरोप देत नाहीत. शाल पांघरलेल्या माणसाला भांडता येत नाही. दोन्ही हातांत नारळ असतो.

"शाल माझ्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "शिक्षकदिनाला मिळालेली. घडीसुद्धा मोडली नाही."

नगरच्या एका जिममधली मुलगी बाईंची जुनी विद्यार्थिनी होती, गाणी लावून नाचत व्यायाम घेणारी. तिच्याशी बोलणं झालं. ग्रुपवर बाईंनी लिहिलं, आपल्या लाडक्या सरांचा कृतज्ञता सोहळा. सगळ्यांना एका वाचनात कळलं. कोणी एक शब्द विचारला नाही. मेडिकलवाल्यानं, ज्याला सर वर्षानुवर्षं गोदाम म्हणत होते आणि जो वर्षानुवर्षं दात काढत होता, त्यानं तर सगळ्यांच्या आधी लिहिलं, स्मृतिचिन्ह माझ्याकडून. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, पण गप्प बसून खाणाऱ्यालाही किती खवखवत असतं ते तेव्हा समजलं.

एका माणसाला मात्र कळलं नाही. सर हुरळून गेले. बाईंनी मला फोन करून सांगितलं, त्या आठवड्यात त्यांनी कोणाला शिवी दिली नाही. गोदामाला 'शेठ' म्हणाले. बाथरूमचं कुलूपसुद्धा काढलं, आपणहून.

"अहो, सुधारतोय की हा," बाई म्हणाल्या. आवाज जरा डळमळला होता.

मी म्हटलं, "शाल धुवायला टाकलीये का तुम्ही?"

"नाही."

"मग इस्त्री करा."

रविवारी सत्कार झाला. आदल्या दिवशी लग्न होऊन गेलेलं, त्यामुळे स्टेजवर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. लॉनवाला म्हणाला, असू द्या, शोभा येईल. सर ब्लेझर घालून आले. छातीवर पदकं, डोक्यावर टोपी, बूट असे की त्यात तोंड पाहावं. मागे बाईकवर त्यांची बायको. तिला आम्ही कोणी कधी पाहिलं नव्हतं. बारकीशी, डोक्यावर पदर, पायात नवी चप्पल जी लागत होती हे चालण्यावरून दिसत होतं. दोघांना त्या खुर्च्यांत बसवलं. सर ताठ बसले. ती खुर्चीच्या अगदी कडेला, उठायला सांगतील म्हणून तयार असल्यासारखी.

भाषण मी मागून घेतलं होतं. त्या लॉनवर परत पाय ठेवायचा तर माईक हातात घेऊनच, असं मी ठरवलं होतं. बोलले. सरांनी आम्हाला शिस्त लावली. सरांनी आमच्या शरीराची आम्हाला ओळख करून दिली. इथे काही जण खाली बघायला लागले. सरांनी देशाची सेवा केली, मग आमची केली, पण घरच्यांची सेवा राहून गेली. आता त्यांनी आराम करावा. कुटुंबाला वेळ द्यावा. वहिनींचाही काही हक्क आहे की नाही? टाळ्या पडल्या. सर मान हलवून हसत होते. बाईंनी शाल घातली, मेडिकलवाल्यानं स्मृतिचिन्ह दिलं, नारळ दिला.

सर बोलायला उठले. "फौजेनं बी मला येवडं केलं न्हाई," म्हणाले. डोळे पुसले. मग घसा खाकरला, आणि नेहमीचा आवाज लागला. "आता उद्याचं ऐका. उद्या सक्काळी लेट यायचं न्हाई. उद्यापासनं नवीन..."

बाईंनी अलगद माईक काढून घेतला. काय हात आहे त्या बाईचा! "सर, आता उद्यापासून तुम्ही लवकर उठायचंच नाही," म्हणाल्या. "उद्यापासून आमच्या नव्या मॅडम." आणि ती मुलगी गुलाबी टी-शर्टमध्ये स्टेजवर उडी मारून चढली आणि म्हणाली, "हाय सर्वांना!"

टाळ्या. जोरात. आजवर कोणाच्या बेडूकउड्यांना वाजल्या नसतील एवढ्या.

सर तिथेच उभे. खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्यात ते काचेचं स्मृतिचिन्ह. त्यांनी शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारलं, माईक नव्हता तरी पहिल्या ओळीपर्यंत ऐकू आलं, "म्हंजी, मी नको?"

"अहो सर, नको कसं!" तो म्हणाला. "मार्गदर्शक तुम्हीच."

मग सरांनी खाली बघितलं, एकेकाकडे, आणि माझ्यापाशी येऊन थांबले. त्यांना कळलं. मी टाळ्या वाजवत होते. थांबले नाही. मला मजा आली, अगदी पोटातून. इतके दिवस गिळलेलं सगळं त्या एका घटकेत पचलं. आजही मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, केलं ते बरोबर केलं.

नंतर चहा आणि इडली. सत्कार झालेल्याच्या बायकोची ओटी भरायची पद्धत आहे, आणि ते काम माझ्याकडे होतं, कारण ब्लाउजपीस माझ्या दुकानातला. कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या खोलीत तिला नेलं. हळदकुंकू लावलं. तिनं पदर पुढे धरला. मी तांदूळ घातले, ब्लाउजपीस ठेवला, नारळ ठेवला. तिची मान खालीच होती. खालीच ठेवून ती म्हणाली, "भाषान तुमीच केलं न्हवं?"

"हो."

"चांगलं बोलल्या. घरच्यास्नी येळ द्या म्हनल्या."

टोमणा असता तर मी परतवला असता. तोंड आहे मला. पण टोमणा नव्हता. ती मान वर करून माझ्याकडे बघत होती, जसं गिऱ्हाईक कापड फाटकं निघाल्यावर न भांडता नुसतं दाखवतं.

"हितं तुमी किती जनं हुता?" तिनं विचारलं.

"असू पंचवीस-तीस."

"व्हय." तिनं ओटीतला नारळ सावरला. "हितं समदं ओरडून यायचे, तवा घरी जरा निवल्यालं असायचे. च्या प्यायचे, पेपर वाचायचे. तेवडा येळ मी बी बसायची. तुमी पंचवीस-तीस जनं वाटून घेत हुता ना. आता मी एकलीच हाय."

बाहेरून आवाज आला. "ए! येतीस का मरतीस तिथंच? पाय उचल!" तोच आवाज, आम्ही पैसे देऊन ऐकलेला. ती दचकली नाही. फक्त पदराची गाठ चटकन मारली.

मी म्हटलं, "तुम्हीपण या ना क्लासला. मुलगी चांगली आहे. गाणी लावते." जेवायला या म्हणतो तसं म्हटलं. तोंडाला आलं म्हणून.

ती पहिल्यांदा हसली. दात छान होते तिचे.

"येते की," ती म्हणाली. "लई आवडंल मला. त्यांना तेवडं तुमीच इचारा."

आम्ही दोघी बाहेर आलो. सर बाईकला किक मारत होते, शाल अजून खांद्यावर होती. ती त्यांच्या मागे बसली, ओटी मांडीवर धरून, आणि माझ्याकडे बघत राहिली, मी विचारते का ते. सर माझ्या समोरच होते. मी विचारलं नाही.